कापूस वर्ध्याचा, कापड कुणाचे? गीताई, खादी आणि सेवाग्रामच्या वाटेवरची गोष्ट

सेवाग्रामला येणारे बहुतेक पर्यटक तासाभरात परततात. बापूकुटी पाहायची, ओट्यावर दोन मिनिटे बसायचे, बाहेर झाडाखाली फोटो काढायचा आणि नागपूरचा रस्ता धरायचा. कुटी पाहून मन शांत होते हे खरेच. पण एवढ्यावर थांबले तर वर्ध्याची खरी गोष्ट हातातून सुटते. कारण या जिल्ह्यात पुस्तक, कापड आणि घर या तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. शेतात पिकलेल्या कापसाचे मोल गावातच कसे राहील, या एका प्रश्नाभोवती इथे लिहिले गेले, कातले गेले, विणले गेले आणि मातीची घरेही उभी राहिली. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. आज त्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाखांच्या घरात. जिल्ह्याला नाव मिळाले ते वर्धा नदीवरून. जमीन काळी, पीक मुख्यतः कापूस, तूर आणि सोयाबीन.

हिंगणघाटचा कापूस मँचेस्टरला कसा पोहोचला?

गांधीजी इथे येण्याच्या कितीतरी आधी वर्ध्याचे नाव सातासमुद्रापार गेले होते, ते कापसामुळे. हिंगणघाटच्या बाजारात येणारा लांब धाग्याचा 'बणी' कापूस इंग्रज व्यापाऱ्यांच्या दफ्तरात 'हिंगणघाट' याच नावाने ओळखला जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस येणे थांबले आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहू लागल्या. तेव्हा वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांची नजर वळली. मध्य प्रांतात कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. पुढे हिंगणघाटकडेही फाटा निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या.

यात एक बारकी गोष्ट दडली आहे. रेल्वे आली ती कापूस बाहेर न्यायला. परतीच्या डब्यांतून गिरणीचे कापड आले. गावोगावी जाडेभरडे कापड विणणारे महार आणि कोष्टी विणकर होते, त्यांच्या मागांवर या कापडाची कुऱ्हाड कोसळली. कास्तकाराला रोख पैसा दिसू लागला, पण भाव ठरू लागला तो लिव्हरपूलच्या बाजारात. अमेरिकेतले युद्ध संपले तसा भाव कोसळला. कापसाचा भाव दूर कुठेतरी ठरणे आणि त्याचा फटका वर्ध्याच्या वावरात बसणे, हे चक्र तेव्हापासूनचे आहे.

तरीही कापूस इथे निव्वळ नगदी पीक कधीच नव्हता. पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीपाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवून 'सीतादही'ची पूजा करायची प्रथा विदर्भात आहे. पूजा बहुधा घरची बाईच करते, कारण वेचणीही मुख्यतः बायकांचीच. ओटीत कापूस भरत दिवसभर वाकून चालणाऱ्या या बायकांना वजनावर मजुरी मिळते. वर्ध्याच्या वस्त्रकलेबद्दल लिहिताना बहुतेक जण चरख्यापासून सुरुवात करतात. ती इथून, या ओटीपासून व्हायला हवी.

वर्धाच का?

गांधीजींनी मार्च १९३० मध्ये साबरमती आश्रम सोडला तो स्वराज्य मिळेपर्यंत परतायचे नाही, असा निश्चय करून. मग राहायचे कुठे, हा प्रश्न होता. वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज त्यांना कित्येक वर्षांपासून बोलावत होते. राजस्थानात जन्मलेले आणि वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घरी दत्तक आलेले जमनालाल स्वतः कापसाच्या व्यापारातले. त्यांच्याच आग्रहावरून १९२१ मध्ये वर्ध्यात सत्याग्रह आश्रमाची शाखा निघाली आणि ती चालवायला पंचविशीतले विनोबा भावे आले. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी वर्ध्यातले आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. मंदिर आजही शहराच्या भर वस्तीत आहे आणि तिथे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या सेवाग्रामच्या तुलनेत अगदीच किरकोळ.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्यासाठी जमनालालजींनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर दिले. गांधीजींचे पुतणे आणि खादीचे शास्त्र घडवणारे मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या आठवणीत या जागेला 'मगनवाडी' नाव मिळाले. संघाचे काम पाहायला अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा आले. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये शिकलेला हा माणूस मगनवाडीत तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्यांचे हिशोब मांडत बसला.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावमुळे टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव 'सेवाग्राम' झाले.

कुटी वाचायची कशी?

बापूकुटी ही मुळात गांधीजींसाठी बांधलेली नव्हती. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडेलिन स्लेड, म्हणजे मीराबेन, यांनी ती स्वतःसाठी बांधवून घेतली होती. गांधीजी आधी 'आदी निवास'मध्ये इतरांसोबत राहत आणि पुढे या कुटीत आले. जवळपास मिळेल त्याच सामानातून घर बांधायचे, ही अट होती. म्हणून माती, बांबू, शिंदीची पाने, कवेलू. भिंतीवर मीराबेनने मातीच्या उठावातून ताडाची झाडे, चरखा आणि ओम काढले आहेत. पुष्कळ लोक ही कलाकुसर न पाहताच पुढे जातात. तो चरखा नुसती शोभा म्हणून काढलेला नाही, हे कुटीची अट माहीत असली की कळते: घराला जो नियम, तोच कपड्याला. जवळ मिळते त्यातून, जवळच्या हातांनी.

आवारात दूरध्वनीची खोली आहे. व्हाइसरॉयला थेट बोलता यावे म्हणून सरकारने तो बसवला होता. साप पकडून दूर सोडायचा पिंजरा आहे. महारोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची कुटी आहे, गांधीजी त्यांची शुश्रूषा स्वतः करत. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, तोही वर्ध्यातच. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून दिल्लीकडे निघाले आणि पुन्हा परतले नाहीत. आश्रमात सकाळ-संध्याकाळची प्रार्थना मात्र आजही होते. संध्याकाळी गेलेल्याला पिंपळाखालच्या त्या मोकळ्या जागेत जे कळते, ते दुपारच्या घाईत कळत नाही.

वर्ध्याचे साहित्य कुठून सुरू होते?

वर्ध्याच्या वाङ्मयाचा विषय निघाला की लोक थेट विनोबांवर येतात. पण धाम नदीकाठच्या पवनारची गोष्ट त्याहून दीड हजार वर्षे जुनी आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांत 'प्रवरपूर' हे राजधानीचे नाव येते. थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी ते पवनारच असल्याचे मत मांडले. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत, काही जण नागपूर जिल्ह्यातल्या मनसरकडे बोट दाखवतात. याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे महाकाव्य आहे, रामाने समुद्रावर बांधलेल्या सेतूची कथा सांगणारे. ते संस्कृतात नाही, महाराष्ट्री प्राकृतात आहे. म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेत. पवनारचा दावा मान्य केला तर त्या भाषेतले एक थोर काव्य वर्ध्याच्या मातीतले ठरते.

विनोबांचे घर मराठी, जन्म कोकणातल्या गागोद्याचा. आईला संस्कृत येत नव्हते, गीता तिला सोप्या मराठीत हवी होती. आई गेली, पण ती मागणी मुलाच्या मनात राहिली. १९३०-३१ मध्ये विनोबांनी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला, 'गीताई'. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असे तयार झाले. मराठी घरांत ही दोन्ही पुस्तके आजही सापडतात, कधी देवघरात, कधी जुन्या ट्रंकेत.

'गीताई'चे मोठेपण भक्तीत शोधणारे खूप आहेत. पण तिच्या भाषेकडेही पाहायला हवे. तीत जोडाक्षरे कमी, वाक्य छोटे आणि शब्द बोलण्यातले. ज्या बाईला शाळा मिळाली नाही तिलाही पाठ करता यावे, असा हिशोब त्यामागे आहे. खादीचा हिशोबही हाच होता, ज्याच्याकडे भांडवल नाही त्यालाही करता यावे असे काम.

वर्ध्याजवळच्या गोपुरीत गीताई मंदिर आहे. विनोबांच्या हयातीतच, १९८० मध्ये, ते खुले झाले. त्याला छप्पर नाही आणि आत मूर्तीही नाही. उघड्यावर उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर 'गीताई'चे अठराही अध्याय कोरलेले आहेत. शिळांची मांडणी वरून पाहिली तर गाय आणि चरख्याचा आकार दिसतो. जगात पुस्तकांची स्मारके पुष्कळ आहेत. पण सगळे पुस्तक चालत वाचता येईल आणि त्याचा आराखडाच चरख्याचा असेल, अशी जागा दुसरी सांगणे अवघड. शेजारीच जपानी बौद्ध भिक्षूंच्या संघाने उभारलेला विश्वशांती स्तूप आहे. या संघाचे गुरू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्यात येऊन गांधीजींना भेटले होते. त्यांचा जपानी मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत सामील झाला.

मराठीबरोबरच हिंदीचेही वर्धा हे मोठे ठाणे. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये इथे निघाली. काका कालेलकर आणि दादा धर्माधिकारी यांनी 'सर्वोदय' हे हिंदी मासिक इथूनच चालवले. दोघेही मराठी मातृभाषेचे. १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय वर्ध्यात सुरू झाले. मराठीभाषक जिल्ह्यात हिंदीचे विश्वविद्यालय ही गोष्ट अनेकांना अजून बुचकळ्यात टाकते, त्याची मुळे या १९३६ च्या कामात आहेत.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात १९६९ मध्ये भरले, अध्यक्ष होते पु. शि. रेगे. त्यानंतर थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये, विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने, ९६ वे संमेलन न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. त्याच दिवसांत शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले, चंद्रकांत वानखडे यांच्या अध्यक्षतेखाली. वाचकांची पावले दोन्हीकडे वळत होती. आणि या दोन्हींच्या आधी, २०१५ मध्ये, याच वर्ध्यात पहिले शेतकरी मराठी साहित्य संमेलन झाले होते. कापूस पिकवणाऱ्याने स्वतः लिहावे, हा त्यामागचा आग्रह.

हिंगणघाटात जन्मलेले उद्धव शेळके यांच्या 'धग' या कादंबरीचा इथे उल्लेख हवाच. १९६० मध्ये आलेल्या या कादंबरीतली कौतिक मराठी वाचक विसरत नाहीत. पण तिचा नवरा महादेव हा जातीने शिंपी आहे आणि त्याचा शिवणकामात जम बसत नाही, हे किती जणांच्या लक्षात राहते? कापसाच्या मुलखात कापडावर पोट न चालणाऱ्या घराची ही कथा आहे. वऱ्हाडी बोली मराठी कादंबरीत एवढ्या ताकदीने त्याआधी क्वचितच आली असेल.

बोंडापासून कापडापर्यंत

खादी म्हणजे नेमके काय? हाताने कातलेल्या सुताचे, हाताने विणलेले कापड. दोन्हींपैकी एक काम यंत्रावर झाले तर ते खादी नाही. हातमागाचे प्रत्येक कापड खादी नसते, कारण हातमागावर गिरणीचे सूतही चालते. दुकानात गोंधळ होतो तो इथेच.

वेचलेल्या कापसात सरकी असते. ती काढणे म्हणजे रेचणे, आजच्या भाषेत जिनिंग. वजनाने पाहिले तर कापसातून साधारण एक तृतीयांशच रुई मिळते, बाकी सरकी. मग रुई पिंजायची, म्हणजे तिचे तंतू मोकळे करायचे. पिंजलेल्या रुईच्या बोटभर जाडीच्या नळ्या करतात, त्यांना पेळू म्हणतात. पेळूचे टोक चरख्याच्या चातीला लावायचे, एका हाताने चाक फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने पेळू मागे ओढायचा. हात आणि चाक यांचा मेळ बसला की धागा निघतो. नाही बसला तर तुटतो, आणि नवशिक्याचा तो दर मिनिटाला तुटतो. सूत मोजून त्याच्या गुंड्या करतात. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या गुंड्या बसतात तितका त्या सुताचा 'नंबर'. नंबर मोठा तितके सूत बारीक. पुढे खळ देणे, ताणा लावणे आणि मागावर धोट्याने विणणे.

चरख्याचेही प्रकार आहेत. प्रवासात नेता येणारा पेटीचरखा, पायाने फिरवून दोन्ही हातांनी कातता येणारा मगन चरखा, आणि एका वेळी अनेक चात्यांवर सूत काढणारा अंबर चरखा. हे सगळे एकत्र पाहायचे तर मगनवाडीतले मगन संग्रहालय. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. ग्रामोद्योगांसाठीचे इतके जुने संग्रहालय देशात क्वचितच असेल. तिथे घाण्या आहेत, चाके आहेत, अवजारे आहेत. पण ते केवळ काचेआडचे संग्रहालय नाही. संग्रहालयाची समिती सेंद्रिय कापसापासून आणि नैसर्गिक रंगांतली खादी तयार करते.

नैसर्गिक रंगाई हे वेगळे शास्त्र आहे. सुती कापडावर वनस्पतीचा रंग तसाच धरत नाही. आधी कापड हरड्याच्या पाण्यात बुडवतात, मग तुरटी देतात, तेव्हा कुठे रंग पक्का बसतो. मंजिष्ठेने लाल, डाळिंबाच्या सालीने पिवळा, निळीने निळा. गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काळा रंग काढतात. त्यात हरड्याचे कापड घातले की रंग चढताना डोळ्यांदेखत दिसतो. प्रत्येक खेपेला छटा थोडी वेगळी येते. गिरणीच्या दृष्टीने तो दोष. खादी घेणाऱ्याला मात्र ती हाताची खूण वाटते.

गोपुरीतल्या ग्रामसेवा मंडळाचा वारसाही मोठा आहे. १९३४ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने ते सुरू झाले. नालवाडी या दलित वस्तीच्या गावात राहून विनोबांनी कातणाऱ्या माणसाचे पोट कातण्यावर भरते का, याचा प्रयोग स्वतःवर केला. दिवसदिवस कातायचे आणि त्या मजुरीतच भागवायचे. भागत नव्हते. हा प्रयोग आणि गांधीजींचा आग्रह यांतून १९३५ मध्ये अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना किमान मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. खादी त्यामुळे महागली आणि संघातल्याच अनेकांनी कुरकुर केली. स्वस्त खादी आणि पोटापुरती मजुरी या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, हे वर्ध्याला नव्वद वर्षांपूर्वीच कळले होते.

सूत आणि शिक्षण यांची गाठही इथेच बसली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने 'नई तालीम'चा आराखडा केला. टकळीवर सूत कातताना मूल गुंड्या मोजते, म्हणजे गणित शिकते. कापूस कुठून आला हे विचारते, म्हणजे भूगोल शिकते. डॉ. अभय बंग यांचे शालेय शिक्षण सेवाग्रामच्या अशाच शाळेत झाले. मधल्या काळात बंद पडलेली ही शाळा २००५ मध्ये 'आनंद निकेतन' या नावाने पुन्हा सुरू झाली.

मग अडते कुठे?

जिल्ह्यात कापूस पिकतो, जिनिंग होते, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रकमधून बाहेर जातात. कापड, कपडे आणि ब्रँड यांतला मोठा नफा वर्ध्याबाहेर होतो. एकोणिसाव्या शतकातली रेल्वे आणि आजचा ट्रक यांची दिशा एकच आहे.

२००२ नंतर बीटी वाणे आली. उत्पादन वाढले तसा बियाणे आणि फवारणीचा खर्चही वाढला. हातकताईला मऊ, आखूड धाग्याचा देशी कापूस चालतो, पण बाजाराला लांब धागा लागतो, म्हणून देशी पऱ्हाटी वावरांतून जवळपास गेली. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या डोर्ली गावाने 'गाव विकणे आहे' असा फलक लावला आणि देशभर बातमी झाली. सेवाग्राम तिथून फार दूर नाही.

खादीतही एक अडचण आहे, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. देशातल्या अनेक खादी संस्थांना कातायचा कच्चा माल खादी आयोगाच्या मोठ्या केंद्रांतून येतो. त्यामुळे कापड हाताने कातलेले असले तरी कापूस कुठल्या शेतातला, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. स्थानिक कापूस गाठीत न दाबता थेट गावातच पिंजला, कातला तर वाहतूक वाचते आणि दाबून बसलेले तंतू पुन्हा मोकळे करायची मेहनतही वाचते. कुमारप्पा हेच सांगत होते. मगन संग्रहालय आणि गोपुरीतले काम या दृष्टीने मोलाचे, पण जिल्ह्यातल्या एकूण कापसापुढे ते अगदी लहान आहे. हे मान्य करूनच त्याचे कौतुक करायला हवे.

३० डिसेंबर २०२१ रोजी केंद्राने ध्वजसंहितेत बदल केला आणि यंत्रावर बनलेले, पॉलिएस्टरचेही राष्ट्रध्वज चालतील असे ठरवले. त्याआधी ध्वज हाताने कातलेल्या-विणलेल्या कापडाचाच असायचा. घरोघरी ध्वज पोहोचला हे खरे. पण खादीला हमखास मिळणारी एक मागणी सैल झाली, हेही खरे.

वर्ध्याला जायचे तर

नागपूरहून वर्धा साधारण ७५ किलोमीटर. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. रेल्वेने येताना नेहमीचा घोळ टाळावा: 'वर्धा जंक्शन' आणि 'सेवाग्राम' ही दोन वेगळी स्थानके आहेत, मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या वर्ध्याला थांबतात, तर दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या सेवाग्रामला. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये हौस म्हणून येऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. तेव्हा वेचणीही चालू असते आणि रस्त्याने कापसाने भरलेल्या गाड्या दिसतात. जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, हेही माहीत असलेले बरे.

एका दिवसात सकाळी मगन संग्रहालय, मग गोपुरीतले गीताई मंदिर, दुपारी पवनार आणि संध्याकाळी सेवाग्रामची प्रार्थना असा क्रम जमतो. पवनारला धाम नदीच्या पात्रात शिरलेल्या खडकांवर विनोबांचा परमधाम आश्रम आहे. १९५९ मध्ये त्यांनी तिथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. आजही तिथल्या बहिणी शेती, स्वयंपाक आणि छपाईची कामे स्वतः करतात. खोदताना सापडलेले भरत-राम भेटीचे वाकाटककालीन शिल्प आश्रमातच आहे. विनोबांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी इथेच देह ठेवला. आश्रम हे राहते घर आहे, तेव्हा आवाज आणि कॅमेरा दोन्ही जपून.

दोन दिवस असतील तर सेलू तालुक्यातला बोर व्याघ्र प्रकल्प, १९४२ च्या हुतात्म्यांचे आष्टी, समुद्रपूर तालुक्यातले गिरड आणि केळझरचा गणपती ही ठिकाणे आहेत. समुद्रपूरच्याच वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ती आवर्जून घ्यावी. आणि वर्ध्याहून गोरस भांडारातला गोरसपाक न आणता परतलेल्या पाहुण्याला घरी विचारणा होतेच.

खादी घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारता येतात: सूत हाताने कातलेले की गिरणीचे, विणले कुठे, आणि कापूस कुणाच्या शेतातला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खादी मार्कवरून मिळते, दुसऱ्याचे चांगल्या संस्थेत लगेच मिळते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर ते कापड जरा जास्त पैसे देऊन घ्यावे.